क्रीडांगण: दान की हक्क?

पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली इंदूर दरबारास नगररचनेचा अहवाल सादर केला. त्यात रस्ते व गटारे यांच्याबरोबर उद्यानांचाही विचार होता. पुढे होळकरांच्या आश्रयाने सी. के. नायडूंसारखे खेळाडू तेथे आले आणि होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. संस्थान १९४८ साली विलीन झाले. काही वर्षांत संघाचे नावही लोपले.

राजाश्रयाविषयी आपण कृतज्ञ असावे. परंतु दाता गेला की दान सरते. लोकराज्यात मुलांचा खेळ कोणाच्या मर्जीवर नसावा. क्रीडांगण हा त्यांचा हक्क मानावा. मात्र नगराच्या नकाशात ज्याला जागा नाही, तो हक्क कागदीच. आणि नकाशातली जागासुद्धा जमिनीच्या भावापुढे टिकवायची, तर तिचा कैवार आता नागरिकांनीच घेतला पाहिजे.