नांगरलेली जहाजं

नॉर्वेतल्या टोन्सबर्गजवळ ओसेबर्ग नावाच्या शेतात मातीचा एक मोठा ढिगारा होता. १९०४ साली गाब्रिएल गुस्ताफसन यांनी तो उकरला तेव्हा आत साडेएकवीस मीटर लांबीचं ओक लाकडाचं अख्खं जहाज निघालं. निळसर चिकणमातीत गाडलं गेल्यामुळे ते अकराशे वर्षांनंतरही टिकून होतं. नाळेवरचं नागमोडी कोरीवकाम, वल्ही, डोलकाठीच्या मागे लाकडी खोली आणि त्या खोलीत दोन स्त्रिया. एक सत्तरीपुढची, दुसरी पन्नाशीच्या आसपासची. त्यांच्यासोबत चार चाकांचा गाडा, बर्फावरच्या गाड्या, पलंग, माग, घोडे आणि बादलीभर रानसफरचंदं. मला मात्र या सगळ्या वैभवापेक्षा एक साधी गोष्ट अडवून धरते. हे जहाज ढिगाऱ्याच्या आत एका मोठ्या दगडाला जाड दोराने बांधलेलं होतं.

ज्यांना मेलेल्या माणसाला परलोकी पाठवायचं आहे, ते त्याचं जहाज बांधून का ठेवतील?

थडग्यात होडी दिसली की तिचा अर्थ आपण ताबडतोब लावतो. वैतरणी, भवसागर, पैलतीर हे शब्द ऐकतच वाढलेल्या मराठी माणसाला तर त्यात कोडं असं वाटतच नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय विद्वानांचंही तेच झालं. त्यांच्यासमोर दोन कथा होत्या. आइसलँडच्या स्नॉरीने सांगितलेली, बाल्डर देवाची चिता त्याच्याच जहाजावर रचल्याची, आणि ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यातली, शील्ड राजाला धनदौलतीसह समुद्रात सोडून दिल्याची. पण स्नॉरीने लिहिलं तेराव्या शतकात, तोवर आइसलँड ख्रिस्ती होऊन दोन शतकं उलटली होती. ‘बेओवुल्फ’ही आपल्यापर्यंत पोचलं ते ख्रिस्ती लेखकाच्या हातून. ज्यांनी जहाजं पुरली त्यांनी स्वतः त्याबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही. त्यांनी केलं काय, तेवढंच आपल्याला मातीतून वाचता येतं. आणि ते नीट वाचलं तर दिसतं की जवळजवळ हजार वर्षांत ही कल्पना एका जागी राहिली नाही.

सुरुवात अगदी साधी आहे. बाल्टिक समुद्रातल्या बॉर्नहोल्म बेटावर स्लुसेगॉर्ड इथे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतलं मोठं दफनस्थळ आहे. बहुतेक थडगी नेहमीची, पण त्यातल्या काहींत ओंडका कोरून केलेल्या होड्या आहेत. राजवैभव असं काही नाही. बेटावरच्या माणसाचं जगणं होडीवर चालायचं. तलवार किंवा भांडी सोबत द्यावीत तशी त्याची होडीही त्याच्याबरोबर गेली, इतकाच अर्थ मला तिथे दिसतो. (इजिप्तमध्ये त्याच्या अडीच हजार वर्षं आधी खुफूच्या पिरॅमिडशेजारी ४३ मीटरची नौका पुरली होती, पण सुटी करून, बाराशेहून अधिक तुकड्यांत. तो विचार वेगळा, त्याची परंपराही वेगळी. दोन्हींची एकच मोट बांधण्यात अर्थ नाही.)

मग एस्टोनियातल्या सारेमा बेटावरचं साल्मे. २००८ साली विजेची केबल टाकायला खणताना तिथे माणसांची हाडं लागली. पुढच्या काही वर्षांत किनाऱ्याजवळ पुरलेली दोन जहाजं उघडी झाली. काळ साधारण इसवी सन ७५०. लहान जहाजात सात माणसं, मोठ्यात चौतीस. मोठ्या जहाजात प्रेतं थरावर थर रचलेली होती आणि वर ढालींचं आच्छादन होतं. अंगावर शस्त्रांचे घाव. दातांच्या रासायनिक तपासणीवरून आणि तलवारींच्या घडणीवरून ही माणसं मध्य स्वीडनमधली दिसतात, म्हणजे घरापासून दूर, परक्या किनाऱ्यावर पडलेली. प्राचीन डीएनए तपासल्यावर आणखी एक गोष्ट कळली. त्यांतले चौघे सख्खे भाऊ होते आणि ते एकमेकांच्या शेजारी ठेवलेले होते. एकाच्या तोंडात पटावरच्या खेळातला राजाचा मोहरा होता.

ज्यांनी त्यांना पुरलं ते साथीदारच असणार. कुणाचा भाऊ कोण हे त्यांना ठाऊक होतं आणि त्या गडबडीतही त्यांनी ते लक्षात ठेवलं. जहाज इथे एकाचं वाहन राहिलेलं नाही. ती एक टोळी आहे, जिवंतपणी ज्या फळ्यांवर खांद्याला खांदा लावून वल्ही मारली तिथेच मेल्यावरही एकत्र राहिलेली. ‘प्रवास’ हा शब्द इथे मला अपुरा वाटतो. परक्या वाळूवर त्यांना घर म्हणून देता येण्याजोगं त्यांच्या माणसांजवळ एवढं एकच होतं.

साल्मेच्या सव्वाशे वर्षं आधी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर जहाजाला वेगळंच काम लागलं होतं. सफकमधल्या सटन हूची कथा बऱ्याच जणांना ठाऊक असते. १९३९ साली ईडिथ प्रिटी यांच्या जमिनीवर बेसिल ब्राउन यांनी खणायला घेतलं. आम्लधर्मी वाळूत लाकूड पार विरघळून गेलं होतं. उरल्या होत्या लोखंडी रिव्हेटांच्या ओळी आणि वाळूत उमटलेला सत्तावीस मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा. जहाज नवं नव्हतं, त्यावर डागडुजीच्या खुणा होत्या. थैलीत सदतीस सोन्याची नाणी, ठसा न मारलेल्या तीन चकत्या आणि सोन्याच्या दोन लहान कांड्या निघाल्या. नाणेतज्ज्ञ फिलिप ग्रिअरसन यांनी हिशेब मांडला: चाळीस वल्हेकऱ्यांची मजुरी चाळीस, आणि सुकाणू धरणाऱ्याच्या दोन कांड्या. हिशेब फार देखणा आहे, म्हणूनच मी त्याच्याकडे जरा सावधपणे पाहतो.

मार्टिन कार्व्हर यांनी इथे अनेक वर्षं उत्खनन केलं. त्यांचं म्हणणं मला जास्त पटतं. ५९७ मध्ये धर्मप्रसारक ऑगस्टीन केंटमध्ये उतरला आणि ख्रिस्ती धर्म इंग्लंडच्या राजघराण्यांत शिरू लागला. हे थडगं ज्याचं मानलं जातं त्या रेडवाल्ड राजाने एकाच देवळात ख्रिस्ताची आणि जुन्या देवांची अशा दोन वेद्या ठेवल्याचं इतिहासकार बीडने नोंदवलं आहे. अशा ओढाताणीच्या काळात देबेन नदीतून अख्खं जहाज चढावर ओढून आणायचं, सगळ्या मुलखादेखत पुरायचं, वर मातीचा डोंगर रचायचा. हे ‘आम्ही कोण’ याचं जाहीर उत्तर होतं. ते मेलेल्या राजापेक्षा मागे राहिलेल्यांना जास्त हवं होतं.

प्रवासाची कल्पना नव्हतीच, असं मात्र मी म्हणणार नाही. बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान याने ९२२ साली व्होल्गाकाठी रूस, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या व्यापारी टोळ्यांपैकी एका सरदाराचा अंत्यविधी प्रत्यक्ष पाहिला. जहाज काठावर ओढलं, त्यात तंबू उभारला, सरदाराला बसवलं. त्याच्याबरोबर जायला ‘तयार’ झालेल्या दासीला दारू पाजून, गळा आवळून, सुरा खुपसून मारलं. जहाजांच्या सौंदर्याबद्दल लिहिताना त्या मुलीला वगळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. ओसेबर्गच्या दोघींपैकी एकीच्या वाट्याला असंच काही आलं असेल का, ही शंकाही अभ्यासकांनी घेतली आहे. जहाज पेटल्यावर एक रूस माणूस म्हणाला की तुम्ही अरब आपल्या लाडक्यांना किड्यांच्या तोंडी देता, आम्ही त्यांना क्षणात जाळून स्वर्गात पोचवतो. पण इब्न फदलानचं वर्णन इथे संपत नाही. राखेवर त्यांनी ढिगारा रचला, मधोमध लाकडी खांब रोवला आणि त्यावर मृताचं आणि आपल्या राजाचं नाव लिहिलं. स्वर्गात पोचवलेल्या माणसाचा पत्ता जमिनीवरही हवाच होता.

ओसेबर्गचा दोर मला इथे उलगडतो. लाकडाच्या वर्तुळांवरून ते दफन ८३४ सालचं ठरलं आहे. मातीच्या थरांवरून असंही दिसतं की आधी अर्धाच ढिगारा रचला होता आणि बाकीचं जहाज काही काळ उघडं होतं. लोक येऊन पाहू शकत होते, विधी करू शकत होते. त्या दोघींना निरोप दिलेला नव्हता, त्यांना त्या जमिनीत नांगरून ठेवलं होतं. ढिगारा आमच्या शेतात आहे, आत आमचे पूर्वज आहेत, म्हणून ही जमीन आमची. या दाव्यासाठी जहाज निघून जाऊन कसं चालेल?

याचा सर्वांत भक्कम पुरावा ढिगारा फोडणाऱ्यांनीच ठेवला. ओसेबर्गचा ढिगारा दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोडला गेला. फोडणाऱ्यांची लाकडी फावडी आत राहिली, त्यांवरूनच काळ ठरला. भुयार एवढं रुंद खणलं होतं की हे रात्रीत उरकलेलं काम नव्हे, आणि हाडं खोलीबाहेर खेचून टाकली होती. यान बिल आणि ईफा डेली या अभ्यासकांनी २०१२ साली मांडलं की ही साधी चोरी नसून राजकीय कारवाई असावी, त्या भागावर हक्क सांगणाऱ्या डेन्मार्कच्या हाराल्ड ब्लूटूथची.

हा हाराल्ड स्वतः ख्रिस्ती झाला होता. डेन्मार्कमध्ये येलिंगला त्याच्या घराण्याचं ठाणं. तिथे जमिनीवर उभे दगड रोवून साडेतीनशे मीटरच्या आसपास लांबीचं जहाज आखलेलं होतं. उत्तरेकडचा ढिगारा त्या दगडी जहाजाच्या मधोमध येतो. त्यातली दफनाची खोली ९५८ च्या सुमारास तोडलेल्या लाकडाची आहे, पण तिच्यात कुणाचं प्रेत सापडलं नाही. शेजारच्या चर्चखाली मात्र एका मध्यमवयीन पुरुषाची विस्कटलेली हाडं निघाली. तो हाराल्डचा बाप गोर्म, असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल, तर धर्म बदलल्यावर मुलाने बापाला जहाजातून उचलून चर्चमध्ये नेलं.