गाळा माझा, समुद्र सर्वांचा





वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये हापूसचा हंगाम भरात असतो, तेव्हा फज्रच्या आधीपासूनच कोकणातून आलेल्या गाड्या फळबाजारात रिकाम्या होऊ लागतात. माथाडी बांधव पेट्या वाहून गाळ्यांत लावतात आणि दुपारपर्यंत गाळ्यांसमोर पेंढा, फळांभोवतीच्या फोमच्या जाळ्या, प्लास्टिकच्या पट्ट्या व चहाचे कप यांचा थर साचतो. पेंढा कुजून माती होतो. बाकीचे तसेच उरते. त्यातील जे उचलायचे राहून जाते, ते पहिल्या पावसात गटारात, तेथून नाल्यात आणि नाल्यातून ठाण्याच्या खाडीत उतरते. खाडी पुढे समुद्राला मिळते.

एका जुम्याच्या बयानात मी समुद्रातील प्रवाळांविषयी बोललो. नमाजनंतर रत्नागिरीकडचे एक वयस्क व्यापारी थांबले व म्हणाले, "मौलाना, बोललात ते पटलं, पण माझ्या गाळ्याचा आणि समुद्रातल्या पोवळ्याचा काय संबंध?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे द्यावयास हवे.

सूरह रहमानमध्ये अल्लाहने आपल्या देणग्या मोजताना समुद्रातून निघणाऱ्या मोत्यांचा व मर्जानचा उल्लेख केला आहे. काही भाष्यकारांनी मर्जान म्हणजे लहान मोती असा अर्थ घेतला, तर इतरांनी पोवळे असा. अंगठीतील पोवळे हा एका समुद्री जीवाचा सांगाडा आहे. त्याचे भाऊबंद उथळ, उबदार पाण्यात असंख्य संख्येने एकत्र राहून चुनखडीचे खडक रचतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते; ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि प्रवाळाला त्यातील वाटा देते. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागा व्यापणाऱ्या या खडकांच्या आश्रयाने समुद्रातील सुमारे पाव जीवजाती जगतात. निर्मात्याने किती मोजूनमापून हा समतोल ठेवला आहे!

हा समतोल आज ढळत आहे. पाणी दीर्घकाळ तापले की शैवाल प्रवाळाला सोडून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि उष्णता ओसरली नाही तर उपासमारीने मरते. जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी लाट सुरू असल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. उष्णतेच्या जोडीला गाळ, सांडपाणी, प्लास्टिक आणि टाकून दिलेली जाळी आहेतच.

हे दूरदेशीचे दुःख नव्हे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत. तेथे १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. हाजी अलीच्या दर्ग्याजवळच्या खडकांवरही प्रवाळ होते. सागरी किनारा रस्त्याच्या बांधकामासाठी २०२० साली हाजी अली व वरळी येथील प्रवाळांच्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली दुसरीकडे हलविण्यात आल्या. आपल्यापैकी किती जण त्या वाटेने जियारतीला गेले असतील! बाजूच्या खडकाला जीव आहे, हे मात्र ठाऊक नव्हते. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला वाघाच्याच अनुसूचीत स्थान दिले आहे.

आता त्या व्यापारी चाचांच्या प्रश्नाकडे वळू. सहीह बुखारीतील एका हदीसमध्ये प्रेषितांनी (सल्ल.) एका जहाजाचा दृष्टांत दिला आहे. काही प्रवासी वरच्या मजल्यावर, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. त्यांनी विचार केला की आपल्याच वाट्याच्या जागेत भोक पाडावे, म्हणजे वरच्यांना त्रास नको. त्यांचा हेतू वाईट नव्हता. तरीही त्यांचा हात धरला नाही तर सारेच बुडणार होते, आणि धरला तर सारेच वाचणार होते.

गाळा माझा, जागा माझी, हे म्हणणे त्या प्रवाशांसारखेच आहे. जागा आपली असते. खालचे पाणी सर्वांचे असते. आमच्या गटारातील पिशवी नेमकी कोणत्या प्रवाळावर जाऊन बसेल, हे सांगता येणार नाही. हीच भीतीची गोष्ट आहे. बंद्याचा हक्क बुडवला तर त्याची माफी त्याच बंद्याकडे मागावी लागते, ही आपली शिकवण आहे. ज्या मच्छीमाराच्या जाळ्यात माशांऐवजी आपला कचरा आला, त्याला आपण कुठे शोधणार? कयामतच्या दिवशी तो मात्र आपल्याला शोधेल.

सूरह रूममध्ये जमीन व समुद्र यांवरील बिघाडाचे कारण माणसाची स्वतःची कृत्ये असल्याचे सांगितले आहे. या फळांची थोडी चव माणसाला दिली जाते ती त्याने माघारी फिरावे म्हणून. परतीची वाट अजून खुली आहे.

ती वाट साधी आहे. फोमची जाळी व पट्टी गोण्यात भरून कचरा गोळा करणाऱ्यांच्या हाती द्यावी. खरेदीला कापडी पिशवी न्यावी. तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये. वीज व इंधन जपून वापरावे, कारण समुद्र तापण्याचे मूळ त्यांच्या धुरात आहे. मालवणला गेलात तर प्रवाळावर पाय ठेवू नये, ते तोडून आणू नये. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळाचा मान राखावा. वाटेतील इजा देणारी वस्तू दूर करणे हा ईमानचाच अंश आहे. पाण्याची वाटही वाटच आहे.

उपदेश करणाऱ्याने आधी स्वतःचे घर पाहावे. रमजानमध्ये आमच्याच मशिदीत इफ्तारीला प्लास्टिकचे पेले वापरले जात. रोजेदारांना पाणी पाजण्याचे पुण्य घेताना आम्ही समुद्राच्या माथी ओझे टाकत होतो. गेल्या रमजानपासून स्टीलचे पेले आणले. इशाच्या आधी तरुण मुले ते धुऊन ठेवतात. सुरुवात झाली, इतकेच.

हे अल्लाह, तू सोपवलेली अमानत सांभाळण्याची आम्हाला सद्बुद्धी दे आणि ज्यांचे हक्क आमच्या हातून अजाणता बुडाले, त्यांची भरपाई करण्याची संधी दे. आमीन.