दादाला विचारायचं राहिलं

आमच्या कल्याण-मुरबाडच्या पट्ट्यात बाप जिवंतपणीच वाटणी बोलून ठेवतो. खाचरं कोणाची, वरकस कोणाची, विहिरीजवळचा आंबा कोणाचा. त्यात कोणाला अभद्र वाटत नाही. पण शेवटच्या दुखण्यात माझं काय करायचं, हे कोणी बोलत नाही.

माझा थोरला भाऊ ऐन आवणीत बांधावर कोसळला. कल्याणच्या एका दवाखान्यात नेला. मेंदूत रक्तस्राव झालेला. रात्री दोन वाजता डॉक्टरांनी विचारलं, "व्हेंटिलेटर लावायचा का? लगेच सांगा." वहिनी माझ्याकडे बघते, पुतण्या माझ्याकडे बघतो. माझ्या पायाला अजून चिखल. मी म्हटलं, लावा. नाही म्हणायला तोंड कोणाला होतं? उद्या गाव म्हणालं असतं, पैशासाठी भावाला मारला.

दादा १९ दिवस नळ्यांत होता. एक हात हलायचा, तो नळीकडे जायचा, म्हणून कॉटला बांधून ठेवलेला. तो हात वेदनेने जात होता की "मला सोडा" म्हणत होता, मला आजही कळत नाही. त्यातच गेला. एक खाचर विकलं, त्याचं एवढं नाही. चाळीस वर्षं एका बांधावर भाकर खाल्ली आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, हे सलतं.

परळच्या केईएममधली नर्स अरुणा शानबाग आठवते. १९७३ साली तिच्यावर तिथेच हल्ला झाला, २०१५ साली मरेपर्यंत ती त्याच दवाखान्यात पडून होती. पिंकी विराणी कोर्टात गेल्या, हिला आता सोडवा म्हणून. तिचं सगळं करणाऱ्या नर्सबाया म्हणाल्या, जगू द्या. माया दोन्हीकडे होती. पण अरुणाला काय हवं, ते सांगायला अरुणाच नव्हती.

२०१८ साली सुप्रीम कोर्टाने आधी लिहून ठेवायचा हक्क दिला. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आपल्या वतीने कोणी बोलायचं त्याचं नाव त्यात घालायचं. मन फिरलं तर कागद बदलता येतो. आणि कागद आहे म्हणून कोणी उठून नळी काढत नाही, डॉक्टरांची दोन मंडळं आधी तपासतात.

तरी शंका राहतेच. धडधाकट असताना लिहिलेलं, अंथरुणात पडल्यावर तसंच वाटेल का? बैलसुद्धा बसल्या जागेवरून उठायला बघतो. म्हणून मला वाटतं, नुसता कागद नको, घरात बोलणंही हवं.

मी मुलाला म्हटलं, तर तो मोबाईल घेऊन अंगणात गेला. "पावसाळा संपला की बघू." बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि मी आधी गेले तर? मला कुठे विचारलंत?"

खरंच विचारलं नव्हतं. मग विचारलं.

थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "मला घरी आणा, ओटीवर ठेवा. पण आधी चार दिवस दवाखान्यात बघा हां, लगेच आणू नका."