झिजवून राखलेला रूळ

रेल्वेमार्गाची देखभाल करणारी बहुतेक यंत्रे मार्गात काही भर घालतात किंवा त्याला जागेवर आणतात. टॅम्पिंग मशीन स्लीपरखाली खडी ठासते, वेल्डिंगचे पथक सांधे जोडते, खडी कमी पडली तर नवी ओतली जाते. रूळ घासणारे यंत्र, म्हणजे रेल ग्राइंडिंग मशीन, रुळाला काहीच देत नाही. ते त्याच्या माथ्यावरचे पोलाद काढून टाकते, आणि तरी त्या रुळाचे आयुष्य वाढते. यातून दोन प्रश्न निघतात. अंश नाहीसा करून वस्तू राखता येते ती कशी? आणि अशी राखलेली वस्तू तीच राहते का? दोन्ही प्रश्न रेल्वेच्या फार आधीचे आहेत. दर्शनकारांनी दिलेली उत्तरे रुळावर तपासून पाहण्याची सोय एवढीच, की इथे काय गेले आणि काय उरले ते मिलिमीटरमध्ये मोजता येते.

भारतात मुख्य मार्गांवर ६० किलोचा रूळ वापरतात, म्हणजे त्याची एक मीटर लांबी ६० किलो भरते. उंची १७२ मिलिमीटर आणि माथ्याची रुंदी साधारण ७२ मिलिमीटर. भरलेल्या मालगाडीचे चाक या माथ्याला टेकते ते जेमतेम एक चौरस सेंटिमीटर जागेत, आणि तेवढ्या जागेवर ११ टनांच्या आसपास भार येतो. चाकांमागून चाके जातात तसा पोलादाचा सर्वांत वरचा थर कणाकणाने ओढला जातो. ओढ सोसण्याची त्याची ताकद संपली की तिथे बारीक भेगा पडतात. वळणावर बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला त्या तिरप्या, एकमेकींना समांतर अशा दिसतात. भेग आधी पृष्ठभागाशी लहान कोन करून आत सरकते. तिच्यात पाणी शिरले तर वरून येणाऱ्या चाकाच्या दाबाने ते पाणीच भेगेचे टोक पुढे रेटते. पुढे एखादी भेग खाली वळते, आणि मग रूळ आडवा तुटण्याची पाळी येते.

ग्राइंडिंग मशीनच्या पोटाखाली दोन्ही रुळांवर फिरत्या दगडांच्या रांगा असतात. भारतीय रेल्वेकडे ७२ आणि ९६ दगडांची यंत्रे आहेत. प्रत्येक दगड आपल्या कोनात कललेला असतो आणि माथ्यावर एक अरुंद सपाट पट्टी कापत जातो. अशा अनेक पट्ट्या शेजारी शेजारी पडल्या की माथ्याला हवी ती गोलाई येते. काम ब्लॉक घेऊन, म्हणजे त्या मार्गावरच्या गाड्या थांबवून, बहुधा रात्री चालते. ठिणग्यांचा लोट लांबून दिसतो आणि काही प्रचंड घडते आहे असा पाहणाऱ्याचा समज होतो. वाळलेले गवत पेटू नये म्हणून यंत्रासोबत पाण्याच्या टाक्याही असतात. प्रत्यक्षात नियमित घासणीच्या एका फेरीत जातो तो ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा थर. हा सगळा थाट कागदाच्या दोन-तीन पानांइतक्या जाडीसाठी आहे.

एवढा थर काढल्याने काय होते हे समजायला झिजेचा स्वभाव पाहावा लागतो. चाक जसे रुळाला थकवते तसे झिजवतेही, आणि झिजताना भेगांची कोवळी टोके घासून निघून जातात. जुना, मऊ पोलादाचा रूळ भराभर झिजे, पण त्यात भेगेला मूळ धरायला वेळ मिळत नसे. पोलाद कठीण झाले आणि वळणांवर वंगण नीट पडू लागले तेव्हा झीज कमी झाली. हा सरळ फायदाच वाटला होता. पण झीज थांबल्यावर भेगा जिथल्या तिथे राहिल्या आणि वाढू लागल्या. भेग जन्मते त्याच वेगाने पृष्ठभाग उतरत राहावा, कमीही नको आणि जास्तही नको, असा विचार मग कॅनडातल्या संशोधकांनी मांडला. या नेमक्या वेगाला त्यांनी जादुई झीज असे नाव दिले. निसर्गतः होणारी झीज त्या वेगाला पुरत नसेल, तर उरलेली यंत्राने करायची. पूर्वीच्या अभियंत्याच्या लेखी झीज म्हणजे नुकसान होते. आता योग्य प्रमाणातली झीज हीच देखभाल ठरली.

या समजुतीचे मोल एका अपघाताने ठसवले. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सकडे ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने निघालेली गाडी हॅटफील्डजवळ रुळावरून घसरली आणि चार जण दगावले. वळणावरचा रूळ भेगांनी पोखरलेला होता. गाडीखाली त्याचे ३०० हून अधिक तुकडे झाले. दुखणे आधीच लक्षात आलेले होते. बदलायचा नवा रूळ येऊन मार्गाशेजारी पडलेला होता, बसवायचा राहिला होता. अपघातानंतर ब्रिटनच्या मार्गांवर १२०० हून अधिक ठिकाणी वेगमर्यादा लागल्या आणि वर्षभरात रेलट्रॅक ही मार्गांची मालक कंपनी प्रशासकांच्या हाती गेली.

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर जैन कर्मसिद्धान्तात सापडते. जीवाला चिकटलेले कर्म झडून जाणे म्हणजे निर्जरा, आणि ती दोन प्रकारांची मानली आहे. कर्म पिकते, आपले फळ देते आणि गळते ती सविपाक निर्जरा; ती कुणाच्याही बाबतीत आपोआप चाललेली असते. कर्म पिकण्याआधीच तपाने झडवले जाते ती अविपाक. रेल्वेच्या कामातही असा भेद आहे. भेगा खोल गेल्यावर एकाच वेळी बरेच पोलाद काढणारी दुरुस्तीची घासणी वेगळी, आणि भेग डोळ्याला दिसण्याआधीच ठरलेल्या वाहतुकीनंतर हलका हात फिरवणारी प्रतिबंधक घासणी वेगळी. पतंजलीच्या योगसूत्रांनीही टाळायचे दुःख म्हणून न आलेल्या दुःखाकडेच बोट दाखवले आहे. झालेले भोगून संपले, चालू आहे ते भोगले जातेच आहे. हात घालता येतो तो पुढच्याला.

हे साम्य मात्र एका जागी तुटते, आणि ती जागा महत्त्वाची आहे. जैन मताने कर्म जीवाला परके असते. ते झडल्याने जीव कमी होत नाही, उलट त्याचे मूळ रूप उघडे पडते. घासणीत निघून जाते ते रुळाचे स्वतःचे पोलाद असते. थकलेला थरही रूळच होता. म्हणून घासणीला शुद्धी म्हणणे चूक आहे: रूळ शुद्ध होत नाही, कमी होतो. तपाची उपमा इथे अडते आणि दुसरा प्रश्न पुढे येतो.

वस्तू तीच राहते का, या प्रश्नासाठी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात थिसिअसच्या जहाजाचा दाखला देण्याची प्रथा आहे. प्लुटार्कने सांगितलेल्या त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या जातात. हॉब्जने त्यात भर घातली, की काढलेल्या फळ्या जमवून कुणी दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते? रुळाला हा दाखला बसत नाही. इथे बदली काहीच येत नाही, आणि जे जाते ते धूळ होऊन खडीत मिसळते. त्यातून दुसरा रूळ उभा करणे शक्य नाही. स्टोइक तत्त्ववेत्ता क्रिसिपसचे कोडे जास्त लागू पडते. डिऑन हा धडधाकट माणूस. एक पाय सोडून त्याचे जे उरलेले शरीर, त्याला थिऑन म्हणावे. डिऑनचा तोच पाय कापला तर आता आहे तो कोण? क्रिसिपसचे उत्तर असे की डिऑन राहिला, थिऑन संपला. या न्यायाने नुसता कमी झालेला रूळ तोच रूळ आहे.

न्याय आणि वैशेषिक दर्शनांचे उत्तर याच्या नेमके उलट आहे. अवयवांहून निराळा असा एक अवयवी, म्हणजे सबंध वस्तू, खरोखर असते, हे मत त्यांनी बौद्धांविरुद्ध चिकाटीने राखले. पण त्याच मताची त्यांनी किंमतही मोजली. वस्तूचे परिमाण वस्तूइतकेच टिकते, आकारमान बदलले तर ती वस्तू नष्ट होऊन दुसरी निर्माण झाली, असे त्यांना म्हणावे लागले. वस्त्राचा एक धागा काढला की जुने वस्त्र गेले आणि उरलेल्या धाग्यांचे नवे वस्त्र, खंडपट, जन्मले. ‘हेच ते’ असे वाटते ते दीपज्योतीसारखे, सारखेपणामुळे. या हिशेबाने दगडाखालून गेलेला प्रत्येक रूळ नवा. सबंध वस्तूचे अस्तित्व ठासून सांगणाऱ्यांच्याच हाती ती सर्वांत नाजूक ठरावी, हा या वादातला एक विनोद आहे.

बौद्ध क्षणिकवादाला हा प्रश्न सोपा जातो, कदाचित जरा जास्तच सोपा. मिलिंदपञ्हात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला दाखवतो की रथ म्हणजे चाक नव्हे, आस नव्हे, यांहून वेगळेही काही नव्हे. रथ हे व्यवहाराचे नाव आहे. पुढच्या बौद्ध तर्कशास्त्रात प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नवी मानली गेली. रूळ घासा अथवा घासू नका, कालचा रूळ आज नाहीच. आहे तो क्षणांचा संतान, म्हणजे अखंड प्रवाह. यावर आक्षेप असा, की मग घासणी आणि भेग यांत फरक काय राहिला? दोन्हींत मागचा क्षण गेला आणि पुढचा आला. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीच्या विचारात याला उत्तर आहे. कार्य घडवण्याचे सामर्थ्य हीच त्याच्या मते सत्तेची, म्हणजे अस्तित्वाची, खूण. घासणीनंतरचे क्षण चाक पेलण्याचे सामर्थ्य पुढे नेतात, भेगेनंतरचे ते गमावत जातात. उत्तर पटते, पण मग रुळाची ओळख पोलादातून निघून कामात गेली हेही मान्य करावे लागते.

जैनांनी या दोन टोकांमध्ये जागा शोधली. तत्त्वार्थसूत्राप्रमाणे जे आहे त्यात उत्पत्ती, नाश आणि टिकणे तिन्ही एकाच वेळी असतात. समंतभद्राने आप्तमीमांसेत याचा दाखला दिला आहे: सोन्याचा घट मोडून मुकुट केला तर घट हवा असणारा कष्टी होतो, मुकुट हवा असणारा आनंदतो, सोनेच हवे असणाऱ्याला फरक पडत नाही. तिघांच्या भावना वेगळ्या, कारण तिन्ही घटना खऱ्या आहेत. रुळाचे तसेच आहे. वजनाचा हिशेब ठेवणाऱ्यासाठी तो उणा झाला, माथ्याची गोलाई तपासणाऱ्यासाठी त्याला नवा आकार आला, गाडीसाठी तो होता तोच आहे. रेल्वेची कागदपत्रे नकळत याच मताची आहेत. रुळाच्या उभ्या अंगावर कारखान्याचे नाव आणि वर्ष उठवलेले असते, घासणी तिथवर पोहोचत नाही. आणि रुळावरून गेलेल्या वाहतुकीचा आकडा, जो दशलक्ष टनांत मोजतात, घासल्यावर पुन्हा शून्यावर आणला जात नाही. तिन्ही भारतीय उत्तरांत हे अधिक सरस म्हणायला हवे, कारण झीज आणि टिकणे यांपैकी एकाला भास ठरवण्याची गरज त्याला पडत नाही.

वस्तूचे वस्तुपण कशात आहे हे ठरल्याशिवाय तिची राखण कशी करावी हे ठरत नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीचे पाय भाविकांच्या स्पर्शाने झिजले आहेत. तिथे झिजलेला भाग घासून सारखा करावा असे कुणी सुचवणार नाही. उपाय केला तो वज्रलेपाचा, म्हणजे भर घालण्याचा. हीच मूर्ती, हाच पाषाण भक्ताला प्रमाण आहे, त्यातला कण काढण्याचा अधिकार कुणाला नाही. जपानमध्ये इसे येथील देवालय दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडातून बांधले जाते; २०१३ मध्ये ते ६२व्यांदा झाले. तिथे पावित्र्य लाकडात न मानता रचनेत आणि विधीत मानले आहे, त्यामुळे लाकूड जाऊ शकते. रुळाचे वस्तुपण चाकाशी असलेल्या त्याच्या मेळात आहे. तो मेळ राहावा म्हणून पोलाद खर्ची घालता येते.

या खर्चाला तळ आहे. भारतीय रेल्वेच्या नियमांत ६० किलोच्या रुळाला माथ्याची उभी झीज १३ मिलिमीटरपर्यंत चालते. चाकाने नेलेले आणि दगडाने नेलेले, दोन्ही त्याच खात्यावर पडते. म्हणून गरजेपेक्षा जास्त घासणे हीही नासाडीच आहे. मर्यादा गाठलेला रूळ मुख्य मार्गातून काढतात. पुरेसा चांगला असेल तर तो लूप लाइनला किंवा सायडिंगला लावतात, नाहीतर भंगारात देतात. भंगार वितळले की नैयायिक, बौद्ध आणि जैन तिघेही तो रूळ संपला हे मान्य करतील. पोलाद उरले, एवढे जैन त्यात जोडतील.