तीर्थाची वाट आणि अधिकाराचा प्रश्न

डोंगरावरील देवस्थानाकडे जाणारी वाट दिव्यांग, वृद्ध आणि आजारी भाविकांनाही चालता येईल अशी बांधली, तर यात्रेचे पुण्य उणावते का, हा प्रश्न वरकरणी बांधकामाचा वाटला तरी मुळात धर्मविचाराचा आहे. कारण यात्रेतील कष्ट हेच तप आणि तपावाचून दर्शन अपुरे, ही समजूत त्याच्या तळाशी आहे.

'तीर्थ' हा शब्द तरून जाणे या अर्थाच्या 'तॄ' धातूपासून आला असून, नदी जिथून सुखरूप ओलांडता येते तो उतार, हा त्याचा मूळ अर्थ आहे. मीमांसाशास्त्रात एखादे कर्म करून त्याचे फळ मिळवण्याच्या पात्रतेला 'अधिकार' म्हणतात, आणि अंगहीनाला यज्ञाचा अधिकार आहे की नाही, याची चर्चा जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात येते. महाभारताच्या वनपर्वात मात्र पुलस्त्य ऋषी भीष्मांना सांगतात की, यज्ञाला विपुल द्रव्य आणि साधने लागत असल्याने तो राजांना व धनिकांनाच साधतो, तर तीर्थयात्रा दरिद्री माणसालाही करता येते. यज्ञापासून दूर राहिलेल्यांसाठी जी वाट खुली झाली, तीच पुढे पायऱ्यांनी अडावी, ही तीर्थाच्या मूळ हेतूशीच विसंगती होय.

कष्टांच्या बाजूने मत्स्यपुराणाचा आधार दाखवता येईल, कारण वाहनाने केलेली प्रयागयात्रा तिथे निष्फळ ठरवली आहे. परंतु तो निषेध ऐश्वर्याचा तोरा, लोभ किंवा मोह यांपोटी वाहनात बसणाऱ्याला उद्देशून आहे, म्हणजे दोष चाकाचा नसून वृत्तीचा आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शारीर तपाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत पूजन, शुचिता, ऋजुता, ब्रह्मचर्य आणि अहिंसा आहेत, चढणीचे श्रम नाहीत; उलट मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देणारे तप तिथे तामस ठरते. शिवाय तप स्वेच्छेने पत्करावे लागते. ज्याला दुसरा मार्गच ठेवलेला नाही, त्याचे हाल हे तप नसून इतरांच्या हयगयीचे फळ आहे.

सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह यांनाच 'मानसतीर्थ' मानण्याची परंपरा असल्याने, ज्यांना चढवत नाही त्यांनी घरीच मन शुद्ध करावे, असेही सुचवले जाते. पण ही शिकवण सर्वांसाठी आहे. धडधाकट माणसाने गड चढावा आणि मानसतीर्थ केवळ दिव्यांगाने करावे, अशी वाटणी तिच्यात नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा अपंगत्वाचे २१ प्रकार मानतो आणि सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेची जबाबदारी शासनावर टाकतो. त्यामागील 'सार्वत्रिक रचना' ही कल्पना अशी की, वाट आरंभापासूनच शक्य तितक्या सर्वांना वापरता येईल अशी आखावी, वेगळी सोय नंतर जोडावी लागू नये. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रचलित प्रमाण १:१२ आहे, म्हणजे १ मीटर चढण्यासाठी १२ मीटर लांबी लागते. वणीच्या सप्तशृंगी गडावर सुमारे ५०० पायऱ्या आहेत. एक पायरी १५ सेंटीमीटरची धरली, तरी ७५ मीटर उंचीसाठी ९०० मीटर लांबीचा उतार लागेल आणि तो कड्यावर खोदणे म्हणजे डोंगराला इजा करणे. तिथे २०१८ मध्ये सुरू झालेली फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळांवरून दोराने ओढला जाणारा डबा, हा योग्य पर्याय ठरतो.

तथापि ट्रॉलीने दर्शन साधते, वाट साधत नाही. आणि वारा, झाडांची सावली, सोबत्यांचा नामघोष हेही यात्रेचेच अंग आहे. म्हणून जिथे भूमी अनुकूल असेल तिथे प्रदक्षिणामार्गाचा किंवा पायथ्याच्या वाटेचा काही भाग तरी घट्ट, सपाट पृष्ठभागाचा असावा, दृष्टिहीनांसाठी सलग कठडा आणि स्पर्शाने ओळखता येणाऱ्या खुणा असाव्यात, थोड्या थोड्या अंतरावर विसाव्याचे कट्टे असावेत आणि पुढील चढ किती, हे पायथ्याशीच कळावे.

अशी वाट बांधल्याने कोणाचेही तप हिरावले जात नाही, कारण ज्याला पायऱ्या चढायच्या आहेत त्याच्यासाठी त्या राहतातच. तीर्थ म्हणजे पार होण्याची जागा असेल, तर ती सर्वांना पार होता येईल अशी करणे ही देवस्थानाने दाखवलेली दया नव्हे, तो त्याचा धर्म आहे.