तलाव कोणीं बुजविला?

नागपुरांतील अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर हे तलाव सर्वांस ठाऊक आहेत. परंतु जुन्या वस्तींतील नाईक तलाव व लेंडी तलाव यांच्या कांठांवर घरें चढत गेलीं आणि पाणी आकसलें. हें कोणीं केलें, असें विचारिल्यास जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

आतां आकाशांत एक साक्षीदार आहे. १९७२ सालीं अमेरिकेनें लँडसॅट मालिकेंतील पहिला उपग्रह सोडला. १९८८ सालीं आपल्या देशाचा आय.आर.एस.-१ए वर गेला. तेव्हांपासून भूमीचीं चित्रें सांठत आलीं आहेत. डोळ्यांस न दिसणारे तांबड्यापलीकडील किरण पाणी शोषून घेतें, म्हणून त्या किरणांच्या चित्रांत तें काळें दिसतें व झाडेंझुडपें उजळ दिसतात. निरनिराळ्या वर्षांचीं, पण एकाच महिन्यांतील चित्रें शेजारीं ठेविलीं म्हणजे तलाव किती घटला हें मोजतां येतें. मात्र जलपर्णीनें झांकलेलें पाणी हिरवळीसारखें भासतें. म्हणून कांठावर जाऊन खात्री करावीच लागते.

येथें एक गंभीर प्रश्न उभा राहतो. एका टोपलीभर मातीनें तलाव बुजत नाहीं. मग टोपली टाकणारा निर्दोष काय? लँडसॅटच्या चित्रांतील एक चौकोन भुईवर सुमारें ३० मीटर लांबरुंद असतो. त्यांत टोपली दिसत नाहीं, हातहि दिसत नाहीं. दिसते ती सर्वांची बेरीज. आपला आंकडा लहान म्हणून तो शून्यच, असें प्रत्येकानें मानलें. पण शून्यांची बेरीज तलाव बुजवूं शकत नाहीं! सर्वांचा वांटा सारखा नाहीं, हेंहि खरें. ज्यास डोकें टेकावयास दुसरी जागा नाहीं त्याचें झोंपडें निराळें, आणि पाण्याची जागा विकून पैसा करणें निराळें. तथापि लहान वांटा म्हणजे वांटाच नाहीं, असें नव्हे.

खेड्यांतील वाचकांनीं हा शहराचा दोष समजूं नये. भंडारा व चंद्रपूरकडील मालगुजारी तलाव १९५१ नंतर सरकारजमा झाले, आणि सरकारचें तें कोणाचेंच नव्हे, अशी समजूत पडून कित्येकांत गाळ सांचला. गाळाचीहि एक टोपली थोडीच. पण बेरजेचा नियम येथेंहि लागू आहे. गांवानें ती उचलली तर तलाव खोल होतो.

उपग्रह दोष दाखवील, दोषी दाखविणार नाहीं. तें काम ज्याच्या त्याच्या मनानें करावयाचें आहे.