निरोप्याचा धर्म

दुसऱ्याचा शब्द पोहोचविणाऱ्याने त्यात आपल्या पदरची गोडी घालावी काय, हा प्रश्न दूतांच्या व दुभाष्यांच्या संबंधाने फार जुना आहे. नांदगाव खंडेश्वरासारख्या गावी घरच्या घरी प्लायवूडच्या पेट्या ठोकून स्पीकरांचा पहिला जोड तयार करणाऱ्या तरुणापुढेही तोच प्रश्न उभा राहतो, असे आम्ही म्हटल्यास वाचकांस प्रथम हसू येईल. परंतु थोडा विचार करावा.

राइस व केलॉग या दोघा अमेरिकनांनी १९२५ साली हलत्या कॉइलचा स्पीकर मांडला. तेव्हापासून एक अडचण कायम आहे. खर्जाला पडदा मोठा हवा, तारस्वराला हलका. एकच पडदा दोन्ही कामे सारखी करीत नाही. म्हणून वूफर आणि ट्वीटर असे दोघे नेमून त्यांच्यात क्रॉसओव्हरने वाटणी करतात. कॉइल तारस्वर अडविते, कपॅसिटर खर्ज अडवितो. ही वाटणी बहुधा सेकंदाला दोन-तीन हजार कंपनांच्या आसपास होते, आणि मनुष्याचा कानही त्याच प्रदेशात अतिशय तिखट असतो. हेमाडपंती देवळाचे दगड चुन्यावाचून बसतात, तसाच हा सांधा बेमालूम बसला पाहिजे. गंमत अशी की, कित्येक क्रॉसओव्हरांत दोघेही निर्दोष असून सांध्यापाशी एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि नेमका तेथलाच स्वर नाहीसा होतो. मग एकाच्या तारा उलट जोडाव्या लागतात. दोन खरे बोलणारेही परस्परांशी मेळ नसल्यास सत्य बुडवितात, हे येथे कानांनी ऐकावयास मिळते.

आता मोह येतो. खर्ज किंचित फुगविला, वरचे स्वर किंचित चकचकीत केले, तर शेजारीपाजारी वाहवा करतात. संगीत आनंदासाठीच असता खऱ्याखोट्याचा काथ्याकूट कशाला, असे कोणी विचारील. आपल्या ताटात मीठ किती घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच पेटीतून उद्या तुकडोजी महाराजांचे खंजिरीवरील भजन निघेल, किंवा जुन्या कॅसेटवर राहिलेला आजोबांचा आवाज. महाराज १९६८ साली गेले, आजोबाही नाहीत. 'हा माझा आवाज नव्हे' असे सांगावयास त्यांपैकी कोणी येणार नाही. जो हरकत घेऊ शकत नाही, त्याच्या शब्दाला हात लावताना अधिक भ्यावे, हेच आम्हांस न्याय्य वाटते.

पूर्ण खरा स्पीकर जगात नाही. ध्वनिमुद्रण, खोली, भिंती सगळेच काही मिसळतात, हा आक्षेप खरा आहे. तथापि न साधणे आणि न साधावे अशी इच्छा करणे, यांत अंतर आहे. कर्त्याचा कान स्वतःच्या कृतीविषयी आईसारखा पक्षपाती असतो, म्हणून परीक्षा बाहेरची हवी. बीबीसीचे अभियंते स्टुडिओतील माणसाचे प्रत्यक्ष बोलणे आणि स्पीकरातून येणारे बोलणे ताडून पाहत. हे घरीही करता येते. घरातील कोणाचे चार शब्द मोबाइलवर टिपावे, पेटीतून ऐकवावे, आणि त्याच माणसाला पेटीशेजारी उभे करून तेच शब्द बोलावयास लावावे. मोबाइलचा माइक आपले थोडे मिसळील खरे. तरीही पाठमोऱ्या बसलेल्या आईने ऐकून 'हा आपलाच पोरगा' असे म्हटले, तर डाग नीट बसले असे समजावे. ती थबकली, तर क्रॉसओव्हर पुन्हा उघडावा.